‘सब ठीक है, साहब’

आमच्या गावात फौजेतून आलेला कुणीही असो, शिपाई असो नाहीतर हवालदार, त्याला मेजरच म्हणतात. आमचे हे हवालदार म्हणून रिटायर झाले आणि कवठे येमाईत एसटीतून उतरले त्या दिवसापासून मेजर झाले. मग ओघानंच मी मेजरीणबाई. आधी मला हसू यायचं, नंतर सवय झाली.

हे लिहायचं काही माझ्या डोक्यात नव्हतं. पण मागच्या तपासणीला गेलो तेव्हा हृदयाच्या दवाखान्यात बाकावर दौंडकडची एक बाई बसली होती. मांडीवर फाइल, हातात माजी सैनिकांच्या योजनेचं ते प्लॅस्टिकचं कार्ड, आणि शेजारी तिचा नवरा, छाती काढून ताठ बसलेला. ती माझ्या कानाशी लागली, "ताई, सायबानं इचारलं की हे म्हणत्यात कायच त्रास न्हाई. आन् घरी भितीला टेकून बसत्यात. मी काय करू?" तेवढ्यात तिचा नंबर पुकारला आणि ती उठून गेली. तिला जे सांगायचं राहिलं, ते इथं सांगते.

*

कांदा काढणीला आला होता. मेजर मोटर चालू करायला बांधावरून निघाले आणि अर्ध्या वाटेत खाली बसले. दुसरा कुणी बसला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण आमचा माणूस जेवतानासुद्धा पाठ ताठ ठेवून बसणारा. मी पळत गेले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. पित्त झालंय. रात्रीचं वांगं बाधलं."

बिचारं वांगं! पुढं आमच्या घरात जे जे झालं ते सगळं त्या वांग्याच्या माथी. भूक लागत नाही, वांगं. तोंड पांढरं पडलंय, वांगं. मी वांगी आणायचीच बंद केली, तरी पित्त काही जाईना.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चढ आला की हे थांबायचे, खिशातून मोबाइल काढायचे आणि त्यात बघत उभे राहायचे. जसा काही कुणाचा निरोप आलाय. एकदा मी मागून जाऊन बघितलं, तर मोबाइल बंद होता. काळ्या काचेकडं बघत माणूस श्वास गोळा करत होता. मी त्यांना बोलले नाही, पण त्याच दिवशी सागरला फोन केला.

सागर आमचा मुलगा. सणसवाडीला कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. सुट्टी टाकून आला आणि बापाला जवळजवळ उचलूनच शिरूरला घेऊन गेला. मीही बरोबर गेले.

शिरूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. मग छातीवर ते थंडगार मशीन फिरवून हृदय पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मेजर, याआधी अटॅक कधी येऊन गेला?"

"कुणाला?" मी विचारलं.

"यांना. एक येऊन गेलाय. हृदयाचा एक भाग हलतच नाहीये."

मी मेजरांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. अन् मला कळलं की यांना ठाऊक आहे. कुठल्या दिवशी, कुठल्या बांधावर, सगळं ठाऊक आहे. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती अटॅकच्या नावानं नाही, या माणसाच्या गप्प बसण्यानं सरकली.

डॉक्टर म्हणाले, "पुण्याला हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडं जा. उशीर करू नका."

*

आमच्याकडं कार्ड होतं. आयुष्यभर देशाची चाकरी केली, त्याचं ते फळ. तोवर आम्ही ते गुडघ्याच्या गोळ्यांपलीकडं वापरलं नव्हतं. त्याची रीत अशी असते की बाहेरच्या खाजगी हृदयाच्या दवाखान्यात जायचं, तर आधी योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला लागतं. त्याला रेफर म्हणतात. रेफर नसेल तर बाहेरच्या दवाखान्यात कार्ड दाखवून उपयोग नाही. आणि माणूस फार आजारी नसेल तर आधी सरकारी मोठ्या दवाखान्याची तारीख देतात. ती लांबची असते. रेफर ताबडतोब द्यायचं की तारीख, हे त्रास किती होतो त्यावर ठरतं.

आमचं सगळं घोडं इथंच पेंड खात होतं. त्रास सांगायचा कुणी?

योजनेचा दवाखाना पुण्यात, पहिल्या मजल्यावर. मेजर जिन्यात दोनदा मोबाइल बघत वर चढले. खोलीत डॉक्टर होते, ते स्वतः फौजेतले निवृत्त अधिकारी. त्यांना बघितल्याबरोबर मेजरांच्या टाचा जुळल्या, हात शिवणीला लागले, हनुवटी वर गेली. पंधरा वर्षांनी तरुण झाले बघा!

"कैसे हो जवान? क्या तकलीफ है?"

"सब ठीक है, साहब."

"चलते वक्त साँस फूलती है?"

"नहीं साहब."

"सीने में दर्द?"

"नहीं साहब. थोडा पित्त है."

मी तोंड उघडलं, "साहेब, खोटं बोलत्यात हे..." तर मेजरांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी शब्द गिळला. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "ताई, पेशंटला बोलू द्या." शिरूरचे कागद त्यांनी उलटसुलट बघितले, आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. समोर गडी ताठ उभा, आवाज खणखणीत. त्यांनी तरी काय करावं? गोळ्या दिल्या आणि सरकारी दवाखान्याची तारीख लिहून दिली. ती दिवाळीच्या पलीकडची होती.

*

खाली येऊन लिंबाखाली मी यांना फैलावर घेतलं. लोक बघत होते, बघू देत.

"का खोटं बोललात? जीव काय वर आलाय का तुमचा?"

मेजर म्हणाले, "तुला न्हाई कळायचं."

"मंग कळंल असं सांगा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. पलटणीत सकाळी बरं नसलेल्यांची वेगळी रांग लागायची. सिक रिपोर्ट म्हणायचे. त्या रांगेत जो उभा राहील त्याला बाकीचे जाता-येता टोमणे मारायचे. मेमसाहब आली, हळदीचं दूध आणा. कामचोर म्हणायचे. डॉक्टर गोळी देऊन परत ड्यूटीवर धाडायचे, पण रांगेत उभा राहिल्याचा डाग काही जायचा नाही. "मी नोकरी संपंस्तवर त्या रांगेत उभा ऱ्हायलो न्हाई," मेजर म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाचा होता. मला रडू येत होतं आणि यांच्या डोक्यात तांब्या घालावा असंही वाटत होतं.

घरी आलो तर घरच्यांची वेगळीच तऱ्हा. सागर म्हणायचा, रेफर गेला खड्ड्यात, मी कर्ज काढतो, उद्याच अ‍ॅडमिट करू. मेजर म्हणायचे, हक्काचं असताना पोराच्या मानेवर जू कशाला. धाकटे दीर तर तोंडावर म्हणाले, "वहिनी, फुकटात व्हतंय म्हणून माणूस ताटकळत ठिवलाय तुम्ही." त्या बोलण्यानं मला जे लागलं ते अजून लागतंय. सागर सुट्टीला घरी आला तरी तो आणि त्याचा बाप एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि मी दोघांना ताटं वाढत राहिले.

तोवर मेजरांच्या पायांवर सूज आली होती. बोट दाबलं की खळगा पडायचा. बूट पायात जाईना, तर चपला घालायला लागले. म्हणाले, उन्हाळ्यात बूट कोण घालतं!

*

शेवटी मी सुभेदारसाहेबांना फोन लावला. ते यांचे जुने वरिष्ठ, दौंड तालुक्यातल्या केडगावचे. रिटायर होऊन लई वर्षं झाली तरी मेजर त्यांच्याशी फोनवर बोलायचे तेही उभे राहून. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले.

"ताई, फौजी बायकोला सांगत न्हाई आन् डॉक्टरला बी सांगत न्हाई. फौजी निस्ता हुकूम ऐकतो. मी येतो."

आणि खरंच आले. केडगावहून रेल्वेनं पुणे, तिथून रिक्षा करून आमच्या आधी दवाखान्याच्या दारात हजर. पांढराशुभ्र शर्ट, डोक्याला टोपी. मेजरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे माझ्याकडं बघायला लागले.

जिना चढताना मधल्या वळणावर मेजर थांबले, मोबाइल काढला. सुभेदारसाहेबही थांबले. तिथं भिंतीला नोटीस बोर्ड होता, लसीकरणाचं कायकाय लिहिलेलं. हात मागं बांधून ते सावकाश सगळं वाचत उभे राहिले. चष्मा शर्टाच्या खिशातच होता. मला फार बरं वाटलं. यांना ओशाळं वाटू नये म्हणून थांबलेत, केवढं मोठं मन!

खोलीत तेच डॉक्टर. सुभेदारसाहेबांनी त्यांना रामराम घातला, परवानगी घेतली आणि मेजरांकडं वळले. तो मघाचा म्हातारा माणूसच नव्हे. आवाज असा निघाला की बाहेरच्या बाकावरचे लोक गप्प झाले.

"हवालदार! सावधान! अपना पूरा रिपोर्ट दो. एक भी बात छुपाई तो देख लेना."

मेजर ताठ झाले. समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागले, परेडवर बोलतात तसं.

"साहब, चढाई पर साँस फूलती है. बायें हाथ में दर्द आता है. पैर में सूजन है. लेटा नहीं जाता. घरवाली सो जाती है तो उठकर दीवार से टेका लगाता हूँ. सुबह उसके उठने से पहले वापस लेट जाता हूँ."

मी पदर तोंडात धरला. एका खोलीत, एका चटईवर झोपत होतो आम्ही.

"आगे?"

"प्याज के टाइम बहुत जोर का दर्द आया था साहब. लगा, गया. घरवाली को पित्त बताया."

"उसको क्यों नहीं बताया?"

मेजर थांबले. हनुवटी वरच होती, पण खालचा ओठ हलत होता.

"डर लगता है, साहब."

"किस बात का?"

"मरने का नहीं साहब. वो मेरे पीछे अकेली हो जाएगी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उठून आले आणि त्यांनी स्वतः मेजरांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. मग बसून लिहायला लागले. बाहेरच्या हृदयाच्या दवाखान्यात, ताबडतोब. ज्या कागदासाठी मी देव पाण्यात घातले होते, तो कागद माझ्या हातात आला. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तो हातात आला तेव्हा मला आनंद झालाच नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली. ह्या माणसाला भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. तेही हिंदीत, दुसऱ्याला सांगताना.

*

पुढचं झटपट सांगते. अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या, तिथंच दाखल करून घेतलं, बायपास करायची ठरली. पण तिथंही सुटका नाही. तपासणीसाठी दिलेल्या रेफरवर ऑपरेशन होत नाही, त्याला वेगळी मंजुरी लागते. हॉस्पिटलवाले कागद पाठवतात, योजनेच्या ऑफिसातून काहीतरी विचारणा येते, मग हे पुन्हा पाठवतात. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी जुने सगळे रिपोर्ट जवळ ठेवावेत, आणि रेफरची मुदत संपत नाही ना ते स्वतः बघावं. कुणी आठवण करून देत नाही.

रोज सकाळी मी खालच्या काउंटरवर जायची. तिथली मुलगी मी तोंड उघडायच्या आधीच म्हणायची, "काकू, अजून नाही." मी मान हलवून वर यायची. मेजर विचारायचेच नाहीत. वॉर्डात त्यांचा एकच नेम, सकाळी दाढी. हात थरथरायला लागला तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्यांच्यापुढं आरसा धरला. रोज धरायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. "तुमी बिगीबिगी नगा करू, मेजर," म्हणायच्या, "माजा काय हात दुकत न्हाई." ज्यांनी दुःखात आरसा धरला ती माणसं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एक दिवस ती काउंटरची मुलगी स्वतः जिना चढून वॉर्डात आली. धापा टाकत म्हणाली, "काकू, आलं!" मी तिला मिठीच मारली.

ऑपरेशन झालं त्या दिवशी सागर आणि मी बाहेर बसलो होतो. सागर सारखा म्हणत होता, मी पपांशी बोलायचो नाही, मी पपांशी बोलायचो नाही. मी त्याला म्हणाले, त्यांनी तरी कुठं बोलायला शिकवलं तुला. सर्जन बाहेर आले, म्हणाले ऑपरेशन चांगलं झालं. मग म्हणाले, पण पहिल्या अटॅकमध्ये मेलेला भाग आता परत येत नाही. लवकर आला असतात तर बराच वाचला असता. यापुढं जपून.

म्हणजे माणूस मिळाला, पण उणा मिळाला. आता मेजर खुरपं धरतात, पोतं उचलत नाहीत. शेत वाट्यानं दिलंय. सकाळी अंथरुणाची घडी अजूनही कोपऱ्याला कोपरा लावून घालतात, मात्र मध्ये दोनदा बसतात. ते बसले की मी उगाच दुसऱ्या कामाला लागते.

*

टाके वाळले तोच केडगावहून फोन आला. सुभेदारसाहेब गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत खुर्चीतच गेले. हृदय.

मेजर फोन हातात धरून उभे राहिले. ते अवघडून उभं राहणं मला बघवेना.

दहाव्याला आम्ही गेलो. सागरनं कंपनीतून सुट्टी काढून गाडी केली. नदीकाठी मांडव, माणूस मावत नव्हता. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. जो उठेल तो तेच म्हणत होता. साहेब कधी आजारी पडले नाहीत. साहेबांनी शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. दुखलं-खुपलं कधी कुणाला कळू दिलं नाही, असा मर्द गडी! लोक माना डोलवत होते. बायकांच्या घोळक्यात वहिनी, म्हणजे सुभेदारसाहेबांच्या मालकीणबाई, गुडघ्यात डोकं घालून बसल्या होत्या. प्रत्येक वाक्याला त्यांचे खांदे हलायचे.

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला.

"तुमच्या मेजरसंगं दवाखान्यात आल्ते ना? तिथं डाक्टर व्हता. काय बोलले का सोताचं?"

"न्हाई वहिनी."

"जिना हाय ना तिथं? कसे चढले?"

"चांगले चढले. मधी जरा थांबले, पण ते यांच्यासाठी. तिथली नोटीस वाचत व्हते."

"चष्मा लावला व्हता?"

"खिशात व्हता."

वहिनींनी माझा हात सोडला. "चष्म्याबिगर त्यांला ताटातली भाजी दिसत न्हवती, बाई," त्या म्हणाल्या.

मी तिथंच बसून राहिले. मांडवात टाळ्या नव्हत्या, पण माना डोलतच होत्या. असा मर्द गडी.

*

घाटावरून गाडीपर्यंत थोडा चढ आहे. सागर गाडी वळवायला पुढं गेला होता. निम्म्या चढावर मेजर थांबले. हात सवयीनं खिशात गेला, मोबाइल बाहेर आला. त्यांनी त्या काळ्या काचेकडं बघितलं. वहिनींचं बोलणं मी त्यांना मघाशीच सांगितलं होतं.

त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला.

"लता," ते म्हणाले, "मला दम लागलाय. बसू जरा."

मराठीत म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर त्यांना बसवलं आणि ठेवणीतल्या लुगड्यानिशी मी खाली धुळीत बसले. दहाव्याची माणसं शेजारून जात होती. मेजरांच्या ओळखीचे फौजीही होते. कुणी विचारलं, काय झालं मेजर? मेजर म्हणाले, दम लागलाय.

मी हळूच विचारलं, "लई लागलाय?"

"लई."

"आन्?"

ते नदीकडं बघत राहिले. ऑपरेशनच्या वणावर त्यांचा हात होता.

"आन् भ्या वाटतं," ते म्हणाले.

मी त्यांचा दुसरा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"मला बी," मी म्हणाले.